एक माणूस, चार तोट्या

नोकरीत असताना कुणी विचारलं की तुम्ही काय करता, तर मी सांगायचो, पाणीपुरवठ्यात आहे. लगेच समोरचा आपल्या नळाचं रडगाणं सुरू करायचा. दोन दिवसांआड येतं, दाब नसतो, परवा गढूळ आलं. जसा काही मीच त्याच्या नळात बसून हे सगळे उद्योग करत होतो. निवृत्त झाल्यापासून कुणी विचारत नाही, म्हणून खरं काय ते लिहून टाकतो. मी माणसं मोजायचं काम केलं. तीसेक वर्षं, बहुतेक इंदापूर तालुक्यात आणि थोडं बारामतीकडं, लहान गावांच्या पाणी योजनांसाठी.

बाहेरच्या माणसाला वाटतं, योजना म्हणजे टाकी, पंप आणि पाइप. ते सगळं नंतर येतं. आधी कागदावर एक गुणाकार असतो, चौथीतल्या मुलाला जमेल असा. गावात माणसं किती, माणशी रोज लिटर किती आणि साठा किती दिवसांचा. माणशी लिटर सरकार ठरवून देतं. माझ्या सुरुवातीच्या काळात चाळीस होते, पुढं पंचावन्न झाले. दिवसांचा आकडा मात्र आमच्या भागात फार जपून धरावा लागतो. वर्षानुवर्षं उसाला पाणी पाजून जमिनीतलं मीठ वर आलंय आणि विहिरी मचूळ झाल्यात. त्या पाण्यात डाळ शिजत नाही. म्हणून प्यायला कालव्याचं पाणी. कालवा रोज वाहत नाही, त्याचं आवर्तन येतं. आवर्तन आलं की गावाचं तळं भरून घ्यायचं आणि पुढचं येईपर्यंत पुरवायचं. मधल्या दिवसांत ऊनही पाणी पितं, आणि उन्हाला माणशी मर्यादा लागू नाही.

राहिली माणसं. पाणी कधी खोटं बोलत नाही. तळ्यात पट्टी उभी करा, असेल तेवढं दाखवतं. माणसांचं तसं नव्हतं. मी वही घेऊन दारात उभा राहिलो की घरातली माणसं वाढायची आणि गोठ्यातली जनावरं कमी व्हायची. माणसं जास्त सांगितली तर पाणी जास्त मिळेल ही आशा, आणि नळाचं पाणी गाईंना पाजतो म्हणून साहेब जोडणी तोडेल ही भीती. एका घरी मालक मला गळ्याला हात लावून सांगत होता, "जनावर म्हंजे एक भाकड गाय हाय, साहेब." मागं गोठ्यात एकापाठोपाठ एक चार गाई हंबरत होत्या. मी म्हणालो, "भाकड गाईचा आवाज बराच मोठाय." तो म्हणाला, "शेजाऱ्याच्या हायत त्या. हिकडं तोंड करून वरडत्यात."

संकरित गाय उन्हाळ्यात अख्ख्या घरापेक्षा जास्त पाणी पिते. मी वहीत चार गाई धरल्या आणि तोंडानं म्हणालो, "बरं." हे 'बरं' आमच्या धंद्यातलं मोठं हत्यार. समोरच्याला वाटतं साहेबांनी ऐकलं, आणि साहेब आपल्याला हवं ते लिहून पुढच्या दाराला गेलेले असतात.

माझी अशीच दुसरी युक्ती होती. घरात माणसं किती हे तोंडाला विचारायचं नाही, दारातल्या चपलांना विचारायचं. मोठ्यांच्या, लहानांच्या, शाळेच्या बुटांच्या जोड्या मोजायच्या. धूळ बसलेल्या सोडून द्यायच्या. ही युक्ती मी हाताखाली आलेल्या प्रत्येक नव्या माणसाला शिकवली, आणि मला तिचा भलता अभिमान होता.

माझ्या स्वतःच्या चपला मात्र दोन ठिकाणी असायच्या. बिऱ्हाड बारामतीत होतं, बायको सुमन आणि मुलगा तिथं. मी इंदापुरात एक खोली घेऊन राहायचो. पंप सकाळी सहाला सुरू होतो, गावचे फोन पहाटेपासून येतात, रोजची ये-जा जमत नाही, असं मी घरी सांगायचो. खरं सांगायचं तर जमली असती. पुष्कळ जण करत होते. पण मला वाटायचं, मी गेलो की कुठलीतरी टाकी कोरडी पडेल. मग खानावळीतलं ताट संपवून खोलीवर यायचं आणि परक्या गावांच्या माणसांचे गुणाकार करत बसायचं. शनिवारी संध्याकाळी बारामती, सोमवारी सकाळी परत. अशी मुलाची सगळी शाळा संपली.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते सांगतो. गावाचं नाव लिहीत नाही. कळसच्या बाजूला आहे, एवढं पुरे. गाव उंचावर आणि तळं खाली कालव्याजवळ. तळ्याशेजारी पाणी गाळायचं, शुद्ध करायचं आणि पंपानं तीनेक किलोमीटर वर गावच्या टाकीत चढवायचं, अशी योजना होती. मधे एक माळ लागत होता. पाइप त्या माळावरूनच न्यावा लागणार होता, आणि माळावर एकच घर होतं. दोन खोल्या, वर पत्रा. तिथं ठकूबाई राहायची.

मे महिन्यात मी पाहणीला गेलो. माझ्याबरोबर एरवी हुसेनभाई असायचा. हुसेनभाई म्हणजे गावच्या जुन्या मचूळ विहिरीचं पाणी नळांना सोडणारा ग्रामपंचायतीचा माणूस, खांद्याला पिशवी आणि पिशवीत पाना. गावातलं कुठलं घर कुणाचं आणि कुठल्या नळाला किती धार, हे त्याला झोपेत विचारलं तरी सांगता यायचं. पण तो त्या आठवड्यात मुलीच्या लग्नाच्या गडबडीत होता. मी एकटाच होतो.

ठकूबाई तेव्हा सत्तरीला टेकलेली असेल. नवरा कधीच गेलेला, एकुलती लेक लांब सोलापूरकडं दिलेली. तिनं मला तांब्यात पाणी दिलं. "कालव्याचं हाय, पर वस्त्रगाळ केलंय," म्हणाली. मग मी जमिनीत ठोकलेल्या खुंट्यांकडं बोट करून तिनं विचारलं, "ह्ये कशापायी?"

"गावाला पाणी न्यायचंय, मावशी. पाइप हितून जाणार."

"माझ्या दारावरनं?"

"हो."

"मग जाता जाता मलाबी एक तोटी बसीव की."

हे मागणं मला नवं नव्हतं. टाकीकडं चढणाऱ्या पाइपाला मधे तोटी देता येत नाही. दिली की वर दाब पोचत नाही आणि टाकी भरत नाही. ठकूबाईला नळ द्यायचा तर पाणी आधी गावच्या टाकीत चढवायचं आणि तिथून वेगळा पाइप टाकून दीड किलोमीटर परत खाली माळावर आणायचं. एवढा पाइप किती माणसांसाठी, हा प्रश्न वरून येणारच. हे सगळं मी तिला समजावून सांगितलं.

"घरात माणसं किती, मावशी?" मी वही उघडली.

"दीडशे धर."

मी हसलो. दाराकडं बघितलं. एक जोड चपला होत्या, टाचेला झिजलेल्या.

"मावशी, खरं सांगा."

"खरंच सांगती. आत्ता बघतुयास ती मोजदाद न्हवं. दिवाळीनंतर ये, मग मोज."

मला वाटलं, लेक-जावई, नातवंडं येत असतील दिवाळीला, आणि म्हातारीच्या मनात त्यांची दीडशे होत असतील. अशी माणसं मी खूप बघितली होती. परगावी गेलेल्या पोरांची नावं मला ओळीनं लिहायला लावणारी, हा येणार हाय, तो येणार हाय म्हणणारी. त्यांच्याशी वाद घालायचा नसतो.

"बरं, मावशी," मी म्हणालो, आणि वहीत लिहिलं: एक.

निघताना माळावर जागोजागी तीन-तीन दगड मांडलेले दिसले. काळे पडलेले. गुराख्यांचा काहीतरी खेळ असेल म्हणून मी ते ओलांडून गेलो.

योजना पुढच्या वर्षी पुरी झाली. उन्हाळ्यात सुरू केली, टाकी काठोकाठ भरली, गावानं मला फेटा बांधला. पावसाळाही चांगला गेला. आणि ऐन जानेवारीत हुसेनभाईचा फोन आला.

"साहेब, टाकी भरंना झालीय."

"मोटार बघितली?"

"मोटार झकास हाय. तळ्यातनं पानी निघतंय बराबर. वर पोचत न्हाय."

हे उलटंच होतं. थंडीत माणसं कमी पाणी वापरतात, जनावरं कमी पितात, उन्हाचा वाटाही उतरतो. पाणी हिवाळ्यात उरायला पाहिजे. माझा पहिला संशय गावावरच गेला, कारण आमच्याकडं एक खोड आहे. नळाला धार बारीक वाटली की माणूस दारात हातभर खड्डा खणतो आणि तोटी खड्ड्यात उतरवतो. खाली पाणी जोरात येतं. मग शेजारी त्याच्याहून वीतभर खोल खणतो. एका गावात तर मी सबंध आळी खड्ड्यात उतरून पाणी भरताना बघितली आहे, वरून नुसते अंबाडे दिसत होते. पण इथं तसं काही नव्हतं. आणि खड्ड्यांनी नळ कोरडे पडतील, टाकी भरायची कशी थांबेल? पाणी टाकीच्या आधीच कुठंतरी जात होतं. हुसेनभाईनं सांगायचं टाळलं, असं आज वाटतं. तो एवढंच म्हणाला, "लायनीवरनं चालत जाऊ या."

त्या आठवड्यात वीज दुपारची होती, त्यामुळं पंपही दुपारी चालू. आम्ही टाकीपासून खाली पाइपावरून चालत निघालो. माळाच्या चढाला लागलो आणि मला धूर दिसला.

माळ माणसांनी भरला होता. बांबू वाकवून वर पाचट आणि ताडपत्री टाकलेल्या कोप्यांच्या रांगा होत्या. गाड्या, बैल, उसाच्या वाढ्यांचे भारे. ऊसतोडणीच्या टोळ्या. फडातून नुकत्याच परतलेल्या बाया हंडे, कळश्या, तेलाचे रिकामे डबे घेऊन रांगेत उभ्या होत्या, आणि रांग पाइपावर मीच बांधून घेतलेल्या एका चेंबरपाशी, म्हणजे विटांच्या खड्ड्यापाशी, संपत होती. पाइप जिथं उंचवट्यावरून जातो तिथं आत हवा कोंडते. ती बाहेर सोडायला एक व्हॉल्व्ह बसवतात. त्या व्हॉल्व्हच्या तोंडात कुणीतरी बाभळीची काडी खुपसून ठेवली होती, आणि पाणी पिचकारीसारखं उडत होतं. मे महिन्यातले तीन-तीन दगड आता पेटलेले होते. त्या चुली होत्या.

आणि सगळ्याच्या मधे, उपड्या घातलेल्या पाटीवर ठकूबाई बसली होती. मांडीवर एक तान्हं, शेजारी गोधडीवर तीन, पाठीला एक लोंबकळणारं. हातात काठी, आणि रांगेत घुसणाऱ्या बाईवर ती काठी उगारत होती. मे महिन्यातली ती वाळून गेलेली म्हातारी ही नव्हेच, असं मला वाटलं.

तिनं मला ओळखलं. "आलास व्हय?" म्हणाली. "बस. आता मोजून घे."

हुसेनभाई मागून हळू आवाजात बोलला. "दर साली हितंच उतरत्यात, साहेब. म्हातारीचा माळ हाय. जागंचं काय घेत न्हाय ती. आया फडात गेल्या की पोरं तिच्यापाशी असत्यात, म्हून तिलाच पाहिजे असत्यात. गुढीपाडव्याला टोळ्या गेल्या की चार दिस जेवत न्हाय."

"मला आधी का नाही सांगितलंत?"

"तुमी इचारलं न्हाय. मला वाटलं, साहेबाला ठावं असंल."

ठाऊक होतंच की. इतकी वर्षं दर हिवाळ्यात मोटारसायकलवरून जाताना मी या कोप्या बघत आलो होतो. वळणावर त्यांच्या गाड्यांना वाट दिली होती. बघितल्या होत्या, मोजल्या कधी नव्हत्या. आमच्या वहीत गावचा रहिवासी तेवढा माणूस, आणि आमच्या पाहण्या उन्हाळ्यात होतात, तेव्हा ही माणसं आपापल्या गावी गेलेली असतात.

मी मोजली. ठकूबाईसकट एकशे सत्तेचाळीस. तिचा अंदाज तिनानं चुकला होता, माझा एकशे सेहेचाळीसनं.

तेवढ्यात सरपंच आले. त्यांना सगळे तात्या म्हणतात. वाईट माणूस नव्हे. पण गावात सकाळपासून बाया रिकामे हंडे घेऊन पंचायतीच्या दारात बसल्या होत्या. "साहेब, ह्ये आजच्या आज बंद करा," ते म्हणाले. "किती वर्सं वाट बघितली आमी ह्या पान्याची. मला गावाला तोंड दावायचं हाय."

त्यांचं चुकत नव्हतं. योजना गावाची होती आणि ती चालवणं माझं काम होतं. मी हुसेनभाईला म्हणालो, "आवळा."

हुसेनभाईनं पिशवीतून पाना काढला आणि माझ्यापुढं धरला. "साहेब, मी पानी सोडनारा मानूस. बंद तुमी करा."

मी चेंबरमध्ये उतरलो, काडी उपसून टाकली आणि व्हॉल्व्ह स्वतःच्या हातानं आवळला. वर लोखंडी झाकण बसवून कुलूप घातलं. बाया बघत उभ्या होत्या. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं, मला बोलता तरी आलं असतं. पण जिचा हंडा भरला होता तिनं मागच्या दोघींच्या कळशीत थोडं थोडं ओतलं आणि सगळ्या आपापल्या कोपीकडं गेल्या.

ठकूबाई पाटीवरच बसून होती. मी तिच्याकडं न बघता निघालो होतो.

"मोजलंस का?" तिनं विचारलं.

"मोजलं, मावशी."

"मग लिव."

लिहिलं मी. टाकीपासून माळापर्यंत वेगळा पाइप आणि एक सार्वजनिक नळ, असा सुधारित प्रस्ताव केला. वरच्या साहेबांनी तो वाचून बाजूला ठेवला. "ही माणसं त्यांच्या गावाच्या योजनेत मोजलेली आहेत. आपण परत कशी मोजायची?" म्हणाले. म्हणजे ज्या गावात ती सहा महिने नसतात तिथं त्यांचं पाणी टाकीत तयार, आणि जिथं ती असतात तिथं त्यांच्या नावानं कालवा. मी तसं बोललो. ते म्हणाले, "तुमचं खरं आहे, पण बसवायचं कुठल्या नियमात?"

नियम मी शोधला. मोठी यात्रा भरणाऱ्या गावांसाठी आमच्याकडं एक सोय असते. येऊन-जाऊन असणाऱ्या माणसांना 'तरती लोकसंख्या' म्हणतात आणि त्यांच्यासाठी जादा पाणी धरता येतं. मी त्या माळाला यात्रास्थळ केलं. तपशिलाच्या रकान्यात लिहिलं, 'यात्रेचा कालावधी: दिवाळीनंतर ते पाडवा.' देवाचं नाव विचारणारा रकाना सुदैवानं नव्हता.

हा कागद मी शनिवारी घरी आणून पुरा केला होता. सुमननं चहा ठेवता ठेवता वाचला आणि विचारलं, "तरती लोकसंख्या म्हणजे हो काय?"

"जी माणसं तिथली नसतात, पण येतात, चार दिवस राहतात, पाणी पितात आणि जातात."

"म्हणजे आमच्याकडं तुम्ही," ती म्हणाली, आणि कप ठेवून आत गेली. मी मोठ्यानं हसलो होतो, हे मला आठवतं. ती हसली होती का, ते आठवत नाही.

मंजुरीला आणि कामाला मिळून तीन हंगाम गेले. त्या तीन हिवाळ्यांत मी त्या माळाच्या वाटेनं गेलो नाही. काही बघायचं असलं की हुसेनभाईला पाठवायचो. टोळ्या परत कालव्याचं पाणी पीत होत्या. एका हिवाळ्यात कोप्यांतल्या पोरांना जुलाब लागले. ठकूबाईनं आठवडाभर मोठ्या पातेल्यात पाणी उकळून पाजलं, पाचट जाळून. कुणी दगावलं नाही, हे मी हुसेनभाईला दोनदा विचारून घेतलं. कुलपाची किल्ली माझ्या खोलीत खिळ्याला होती. रोज दिसायची.

शेवटी नळ झाला. सिमेंटचा ओटा आणि त्यावर चार तोट्या, दीडशे माणसांच्या हिशेबानं. आमची कामं मार्चनंतर उरकतात, तेव्हा पाणी सोडायला मेच उजाडला. तात्यांनी नारळ फोडला आणि ते एका लग्नाला गेले. राहिलो मी, हुसेनभाई आणि ठकूबाई. माळ मोकळा होता. तीन-तीन दगड मांडलेले होते, गार.

ठकूबाई एक कळशी घेऊन आली. पहिली तोटी सोडली, कळशी भरली, बाजूला ठेवली. मग तिनं दुसरी तोटी सोडली. तिसरी सोडली. चौथी सोडली. पाणी ओट्यावरून मातीत जायला लागलं.

आयुष्यभर मी लोकांना तोट्या बंद करायला सांगत फिरलो. तोंडातून निघूनच गेलं, "मावशी, पाणी वाया जातंय."

"जाऊ दे रं घटकाभर," ती म्हणाली. "चारी सुरू असल्या की मानसं असल्यावानी वाटतंय."

ती ओट्याच्या कडेला बसली आणि त्या आवाजाकडं कान देऊन राहिली. हुसेनभाईनं तोंड फिरवलं. मी तिथं उभा राहिलो आणि माझ्या हिशेबातलं पाणी जाऊ दिलं. मला फार वाईट वाटत होतं. पाच वर्षांपूर्वी तिनं सांगितलेला आकडा मी लिहिला असता, तर हा आवाज तिनं माणसांसकट ऐकला असता.

त्या हिवाळ्यात टोळ्या आल्या, पण निम्म्या. ऊस तोडायची मोठी मशीनं आमच्या भागात फिरायला लागली होती. वर्षभरानं मी निवृत्त झालो. सत्कारात माझ्या हातून किती गावांना पाणी मिळालं ते वाचून दाखवलं. माळावर पाना धरल्याचं तिथं कुणाला माहीत नव्हतं.

निवृत्तीनंतरही हुसेनभाई फोन करायचा. परवाच्या हिवाळ्यात त्याचा फोन आला. "साहेब, यंदा माळावर कुणीच उतरलं न्हाय. मशीन येतंय, दोन दिसांत फड मोकळा करून जातंय."

"आणि ठकूबाई?"

"हाय. गुडघं गेल्यात, पर हाय. त्याचंच इचारायचं हुतं. रोज सकाळी चारी तोट्या सोडून बसती. गावात बोंब झालीया. तात्या म्हणत्यात, तीन तोट्यांना बूच मारा, एकीला एक बास. तुमी सांगा."

मी नोकरीत नव्हतो, मला विचारायचं त्याला काही कारण नव्हतं. त्याला पाना धरायचा नव्हता, एवढंच.

"बूच मारायचं नाही," मी म्हणालो. "त्या माळावर मी दीडशे माणसांचं पाणी धरलंय. मंजूर आहे. तात्यांना सांगा, कागदात लिहिलंय."

"कागदात हाय म्हणून सांगू?"

"हो. घटकाभर चारी चालल्या तरी तिच्या वाट्याचं पाणी उरतंच."

हुसेनभाई खूश झाला. ती घटकाभर पुढंही चालू राहिली असं तो सांगतो. माझ्या सगळ्या आयुष्यात पाणी वाया घालवायची परवानगी मी ही एवढीच दिली.

आता मी बारामतीत असतो, पूर्ण वेळ. घरात चार तोट्या आहेत. स्वयंपाकघरात, न्हाणीत, मागच्या मोरीत आणि पुढं अंगणात. गच्चीवरची टाकी हजार लिटरची, चार माणसांच्या हिशेबानं मीच घेतलेली. निवृत्तीला दोन वर्षं व्हायच्या आत सुमन गेली. मुलगा हैदराबादला, सून नोकरी करते, नात शाळेत. मुलगा चांगला आहे. फोन करतो, येतो म्हणतो, आणि कामातून सुटका झाली की येतोही. त्याला जमलं असतं का, हे विचारायचा मला अधिकार नाही. पाणी आलं की टाकी पंधरा मिनिटांत भरून वाहायला लागते आणि शेजारच्या वहिनी हाक मारतात, "काका, बंद करा." कधी कधी मला ऐकू येऊनही मी लगेच उठत नाही.

गेल्या महिन्यात नळजोडण्यांची माहिती घेणारी एक बाई दारात आली. चाळिशीची, हातात मोबाइल, उन्हानं दमलेली. मी तिला पाणी दिलं. ते पिऊन तिनं विचारलं, "काका, घरात माणसं किती?"

माझ्या तोंडात चार आलं होतं. पण ती विचारता विचारता दाराकडं बघत होती. तिथं एक जोड चपला होत्या. ही युक्ती तिला कुणी शिकवली असेल, कोण जाणे.

"एक," मी म्हणालो.

तिनं मोबाइलवर बोट टेकवलं आणि निघाली. फाटकापर्यंत गेली तेव्हा मला राहवलं नाही. मी हाक मारली, "ताई, ही खरी मोजदाद नव्हे. दिवाळीनंतर या एकदा, मग मोजा."

ती वळली, हसली आणि म्हणाली, "बरं, काका." तो सूर मी लगेच ओळखला. माळावर एकदा मी तो वापरला होता.